अमेरिकेत नव्याने आलात? गादीतल्या आगरोधक रसायनांची काळजी कुठे करायची आणि कुठे नाही

अमेरिकेत उतरल्यावर पहिल्या आठवड्यात लागणाऱ्या वस्तूंमध्ये गादी अगदी वर असते. नोकरीनिमित्त आलेलं कुटुंब ती दुकानातून आणतं किंवा ऑनलाइन मागवतं. विद्यार्थी बहुधा शिक्षण संपवून दुसऱ्या गावी निघालेल्या सीनियरकडून गादी, सोफा, टेबल असं सगळं शे-दोनशे डॉलरमध्ये उचलतात. मग कुणीतरी सांगतं की इथल्या गाद्या पेटू नयेत म्हणून त्यात रसायनं घालतात, त्यांनी कॅन्सर होतो, थायरॉइड बिघडतो, मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो. घरात कुणी गरोदर असेल तर हे ऐकून झोपच उडते.

यात तथ्य बरंच आहे. पण ते सगळं गादीला सारखंच लागू होत नाही, आणि जिथे सर्वांत जास्त लागू होतं तिकडे नव्याने आलेल्या माणसाचं लक्षही जात नाही. माझं मत आधीच सांगून टाकते. पहिला नंबर जुन्या सोफ्याचा आणि जुन्या फोमचा, दुसरा बाळाच्या गादीचा. दुकानातून आणलेली तुमची नवी मोठी गादी या यादीत शेवटी येते. खालच्या पायऱ्याही त्याच क्रमाने लावल्या आहेत. घाईत असाल तर पहिल्या दोन नीट वाचा.

हे प्रकरण आलं कुठून

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गाद्या-सोफ्यांतला कापूस मागे पडला आणि पॉलियुरेथेन फोम आला. हा फोम पेट्रोलियमपासून बनतो आणि पेटला की काही मिनिटांत अख्खी खोली पेटवतो. त्या काळी अंथरुणात सिगारेट ओढता ओढता डोळा लागून लागणाऱ्या आगी ही मोठी समस्या होती. म्हणून १९७३ मध्ये अमेरिकेत गाद्यांसाठी केंद्रीय नियम आला: पेटत्या सिगारेटी गादीवर ठेवायच्या, आणि जळल्याचा डाग सिगारेटपासून दोन इंचांच्या पुढे सरकता कामा नये. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियाने सोफ्यांसाठी आणखी कडक नियम केला, टेक्निकल बुलेटिन ११७. त्यात सोफ्यातल्या उघड्या फोमला बारा सेकंद ज्योत लावून बघायचे. एवढं सहन करायला लावण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे फोममध्येच आगरोधक रसायन मिसळणं. कॅलिफोर्नियाची बाजारपेठ एवढी मोठी की कंपन्यांनी सगळ्या देशासाठी तसाच माल बनवला.

सुरुवातीला वापरात होतं पेंटाबीडीई, म्हणजे ब्रोमीनवाल्या रसायनांचं एक मिश्रण. ते फोमच्या वजनाच्या सुमारे ३ ते ५ टक्के असे. ही किरकोळ फवारणी नव्हे. घरातल्या तीन सीटच्या सोफ्यात त्या हिशोबाने काहीशे ग्रॅम रसायन येतं. शिवाय ते फोमच्या रेणूंशी जोडलेलं नसतं, नुसतं मिसळलेलं असतं. त्यामुळे ते वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर पडतं, घरातल्या धुळीला चिकटतं आणि धुळीतून हाताला, हातातून तोंडात जातं. माणसाच्या शरीरात ते चरबीत साठतं. स्वीडनमध्ये साठवून ठेवलेले आईच्या दुधाचे जुने नमुने १९९० च्या दशकाच्या शेवटी तपासले, तेव्हा १९७२ ते १९९७ या काळात या रसायनांचं प्रमाण दर पाच वर्षांनी साधारण दुप्पट होत गेल्याचं दिसलं. तिथून जगाचं लक्ष याकडे वळलं. अमेरिकेत पेंटाबीडीईचं उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबलं आणि २००९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे वर्षानुवर्षं टिकून राहणाऱ्या विषारी रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत ते आलं. भारतानेही २०२० मध्ये या यादीतल्या सात रसायनांवरच्या बंदीला मान्यता दिली, त्यात हे होतं.

पण नियम तोच राहिला, म्हणून त्याच्या जागी दुसरं रसायन आलं: क्लोरिनेटेड ट्रिस. त्याचा इतिहास वाचला की राग येतो. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या आर्लीन ब्लम आणि ब्रूस एम्स यांनी लहान मुलांच्या नाइटड्रेसमध्ये वापरलं जाणारं ब्रोमिनेटेड ट्रिस डीएनएवर परिणाम करतं हे दाखवून दिलं आणि त्या कपड्यांवर बंदी आली. त्याच्या जागी आलेलं क्लोरिनेटेड ट्रिसही तपासणीत तसंच निघालं, म्हणून तेही कपड्यांतून गेलं. मात्र फोममध्ये ते घालायला कुणाची हरकत नव्हती. ड्यूक विद्यापीठाच्या हेदर स्टेपलटन यांनी २०११ मध्ये लहान मुलांच्या वस्तूंमधल्या फोमचे १०१ नमुने तपासले, त्यातल्या ८० मध्ये आगरोधक रसायनं सापडली. पुढच्या वर्षी १०२ सोफ्यांमध्ये हेच प्रमाण ८५ टक्के होतं. २०११ मध्येच कॅलिफोर्नियाने क्लोरिनेटेड ट्रिस कॅन्सरकारक रसायनांच्या यादीत टाकलं.

अखेर कॅलिफोर्नियाने तो ज्योतीचा नियम बदलला. नवा नियम, टीबी ११७-२०१३, सिगारेटच्या धुमसण्यावर आधारलेला आहे. चांगलं कव्हर वापरलं की रसायनाशिवाय तो पार पडतो. जून २०२१ पासून तोच सगळ्या देशाला लागू आहे. आणि १ जानेवारी २०२० पासून कॅलिफोर्नियात लहान मुलांच्या बऱ्याच वस्तू, सोफे आणि गादीतला फोम यांत ०.१ टक्क्याहून अधिक आगरोधक रसायन असेल तर ती वस्तू नवी विकताच येत नाही. न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स यांसारख्या राज्यांनीही आपापले निर्बंध आणले.

म्हणजे आज नव्या वस्तूंबाबतची परिस्थिती पंधरा वर्षांपूर्वीपेक्षा पुष्कळ बरी आहे. जुन्या वस्तू मात्र घराघरांत अजून तशाच आहेत.

आरोग्याबद्दल नक्की काय माहीत आहे

पेंटाबीडीई गटातली रसायनं थायरॉइड हार्मोनच्या कामात ढवळाढवळ करतात. गर्भाच्या मेंदूची वाढ याच हार्मोनवर अवलंबून असते, म्हणून गरोदरपण आणि पहिली काही वर्षं सर्वांत नाजूक. कॅलिफोर्नियातल्या सालिनास खोऱ्यात शेतमजूर कुटुंबांतल्या मुलांचा जन्माआधीपासून पाठपुरावा करणारा एक अभ्यास आहे. त्यात बर्कलीच्या ब्रेंडा एस्केनाझी आणि सहकाऱ्यांना २०१३ मध्ये असं आढळलं की आईच्या रक्तात ही रसायनं जास्त असतील, तर पुढे मुलांचं लक्ष एकाग्र होणं, बोटांची बारीक कामं आणि बुद्ध्यंक यांत घट दिसते. हा संबंध अनेक मुलांची सरासरी काढून दिसतो. अमक्या एका मुलाच्या चंचलपणाचं कारण त्याच्या घरचा सोफा आहे, असं त्यावरून कुणालाच म्हणता येत नाही.

घाबरून रक्त तपासायला धावू नका. रक्तातलं प्रमाण मोजता येतं, पण आकडा हातात आल्यावर डॉक्टरला करण्यासारखं काही नसतं, कारण त्यावर औषध नाही. अंगावर पाजणं तर या कारणासाठी मुळीच थांबवू नका. दुधातून मिळणारे फायदे मोठे आहेत आणि बालरोगतज्ज्ञ स्तनपान चालूच ठेवायला सांगतात. खरंच शंका असेल तर अमेरिकेत मुलांच्या पर्यावरणीय आरोग्यासाठी खास केंद्रं आहेत, पेशू या नावाने ती ओळखली जातात. तुमच्या बालरोगतज्ज्ञाला तिथल्या तज्ज्ञांशी बोलायला सांगा.

आणखी एक गोष्ट वेगळी ठेवा. नवी फोमची गादी उघडल्यावर जो वास येतो तो आगरोधक रसायनांचा नसतो. तो फोम बनवताना राहिलेल्या, हवेत उडून जाणाऱ्या इतर पदार्थांचा असतो. खिडक्या उघड्या ठेवून दोन-चार दिवस गादी दुसऱ्या खोलीत उभी करून ठेवली की तो बराच जातो. उलट पेंटाबीडीईने भरलेल्या जुन्या सोफ्याला कसलाही वास येत नाही. नाकावर भरवसा ठेवून यातलं काही कळत नाही.

पहिली पायरी: जुना सोफा आणि जुना फोम

स्वस्तात मिळालेल्या सोफ्याची सीट उचला आणि खालच्या बाजूला शिवलेली पांढरी पट्टी शोधा. काही वेळा ती सोफ्याच्या बुडाला, काळ्या कापडावर असते. त्यावर नुसतं 'टेक्निकल बुलेटिन ११७' असेल आणि पुढे २०१३ नसेल, तर तो सोफा जुन्या नियमाचा आहे. त्यात रसायनं असण्याचीच शक्यता जास्त. ११७-२०१३ असेल तर जवळपास दोन चौकोन दिसतात का पाहा: आगरोधक रसायनं घातली आहेत किंवा घातलेली नाहीत, यांपैकी एकावर फुली असते. कॅलिफोर्नियात २०१५ पासून ही फुली कायद्याने सक्तीची झाली. पट्टी फाडून टाकलेली असेल तर वय विचारा. २०१५ च्या आधीचा असेल तर मी तो घरात घेणार नाही. लाकडी चौकटीचा, उशा बदलता येणारा असेल तर गोष्ट वेगळी. तिथे नव्या फोमच्या उशा बनवून घ्या.

गादीबाबतही हेच. जुनी फोमची गादी, जुना मेमरी फोमचा टॉपर (गादीवर घालायचा जाड थर), फ्यूटॉन (घडी घालून सोफा होणारी गादी), अंड्याच्या ट्रेसारखा खाचाखाचांचा पातळ फोम, यांपैकी काही घेण्याआधी कव्हर काढून फोम दाबून बघा. पिवळा पडलेला, बोटाखाली भुगा होणारा फोम असेल तर तो कुणाचाही असो, दारातूनच परत पाठवा. भुगा म्हणजे धूळ, आणि धूळ म्हणजे तीच वाट.

एक जागा सगळ्यांच्या नजरेतून सुटते. भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट असतं आणि त्याखाली रंगीबेरंगी तुकड्यांचा चिकटवलेला फोम असतो. तो जुन्या फोमच्या भंगारापासून बनतो, त्यामुळे जुनी रसायनंही त्यात येतात. कार्पेट जागेवर आहे तोवर फार बिघडत नाही. पण घरमालक कार्पेट बदलायला काढणार असेल तर त्या दिवशी लहान मुलं आणि गरोदर बाई यांना दुसरीकडे ठेवा आणि काम झाल्यावर सगळं ओल्या फडक्याने पुसून घ्या. आपल्याकडे मिळणारी रिबॉन्डेड फोमची कडक गादीही अशीच तुकडे दाबून बनते. ते तुकडे कुठून आले हे दुकानदारही सांगू शकत नाही. भारतातल्या घरासाठी घेताना मी तिच्याऐवजी काथ्याची किंवा चांगल्या पिंजलेल्या कापसाची गादी सुचवेन.

दुसरी पायरी: बाळाची गादी

बाळ दिवसाचे बारा-पंधरा तास गादीवर असतं, नाक गादीपासून काही इंचांवर असतं आणि हात सारखा तोंडात जातो. म्हणून इथे पैसे वाचवू नका. जुनी क्रिबची, म्हणजे बाळाच्या कठड्याच्या पलंगाची, गादी कुणी प्रेमाने दिली तरी आभार मानून नको म्हणा.

टोरांटो विद्यापीठाच्या मिरियम डायमंड आणि सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये कॅनडात विकत घेतलेल्या १६ नव्या बालगाद्या तपासल्या. त्यांत प्लॅस्टिक मऊ करणारी थॅलेट्स आणि काही आगरोधक रसायनं सापडली. मूल झोपल्यावर जेवढी उष्णता आणि वजन गादीवर येतं तेवढं दिलं की रसायनं जास्त बाहेर पडत होती, हेही त्यांनी दाखवलं. म्हणजे 'नवीन आहे' एवढ्यावर भागत नाही.

काय घ्यायचं? आगरोधक रसायनं घातलेली नाहीत असं निर्माता लेखी सांगतो, अशी घट्ट, सपाट गादी. ग्रीनगार्ड गोल्ड हे प्रमाणपत्र गादीतून हवेत काय बाहेर पडतं त्यावर मर्यादा घालतं. ओएको-टेक्स स्टँडर्ड १०० मध्ये बाळांच्या वस्तूंसाठी पहिला वर्ग सर्वांत कडक असतो, म्हणून प्रमाणपत्रावर वर्ग १ आहे का ते बघा. सेंद्रिय कापसासाठी गॉट्स आणि सेंद्रिय लेटेक्ससाठी गोल्स ही प्रमाणपत्रं आहेत. सर्टिपूर-यूएस हा शिक्का खूप ठिकाणी दिसतो. तो कामाचा आहे, कारण त्यातल्या फोममध्ये पीबीडीई (पेंटाबीडीई ज्या गटातलं आहे ती रसायनं) आणि क्लोरिनेटेड ट्रिस चालत नाही. पण तो फक्त फोमबद्दल बोलतो, गादीच्या कव्हरबद्दल किंवा आग अडवणाऱ्या थराबद्दल नाही. 'नॉन-टॉक्सिक', 'इको', 'नॅचरल' हे शब्द मात्र वाचूनही सोडून द्या. त्यामागे कुणाची तपासणी असेलच असं नाही. पाणी आत जाऊ नये म्हणून कव्हर हवं असेल तर व्हिनाइलऐवजी पॉलिथिलीनचा किंवा पॉलियुरेथेनचा थर असलेलं घ्या.

आता आपल्या घरात हमखास येणारा प्रसंग. बाळंतपणाला आई किंवा सासूबाई येतात आणि बॅगेत बाळासाठी मऊ कापसाची छोटी गादी, गोधडी, मोहरीची उशी घेऊन येतात. त्यांना वाटतं, इथल्या रसायनांच्या गादीपेक्षा घरचा स्वच्छ कापूस केव्हाही चांगला. रसायनांच्या दृष्टीने त्यांचं म्हणणं चूक नाही. पण क्रिबमध्ये ती गादी घालू नका. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ पहिलं वर्षभर बाळाला पाठीवर, घट्ट आणि सपाट पृष्ठभागावर, गोधडी-उशीशिवाय झोपवायला सांगतात, कारण मऊ अंथरुणात नाक दबून गुदमरण्याचा धोका रसायनांच्या धोक्यापेक्षा कितीतरी मोठा आणि लगेचचा आहे. गादी आणि क्रिबची कड यांच्यामध्ये दोन बोटांपेक्षा जास्त फट राहता कामा नये. घरची गादी अशी मापात बसत नाही. गोधडी वापरा, पण मूल जागं असताना, जमिनीवर, डोळ्यांसमोर खेळवायला. हे आईला समजावताना मुद्दा त्यांच्या गादीच्या शुद्धतेचा नसून मऊपणाचा आहे हे आधी सांगितलं, तर मनं दुखावत नाहीत.

त्याच ओघात एक भीती दूर करते. झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचा मृत्यू गादीतल्या आगरोधक पदार्थांपासून, बुरशीमुळे तयार होणाऱ्या विषारी वायूने होतो, म्हणून गादी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा, असं सांगणारे लोक अजून भेटतात. हा सिद्धान्त १९८९ च्या सुमारास ब्रिटनमध्ये मांडला गेला. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या लेडी लिमरिक यांच्या समितीने तो वर्षानुवर्षं तपासला आणि १९९८ च्या अहवालात त्याला पुरावा नाही असं सांगितलं. क्रिबमध्ये सुटं प्लॅस्टिक हे स्वतःच जीवघेणं आहे.

तिसरी पायरी: तुमची नवी मोठी गादी

१ जुलै २००७ पासून अमेरिकेत विकली जाणारी प्रत्येक गादी सिगारेटच्या चाचणीशिवाय उघड्या ज्योतीच्या चाचणीतूनही जावी लागते. गादीच्या वरून आणि बाजूने गॅसची ज्योत लावतात आणि अर्धा तास बघतात. त्या वेळात आगीची तीव्रता २०० किलोवॉटच्या वर जाता कामा नये. इथे गादी आणि सोफ्याच्या वाटा वेगळ्या होतात. जुन्या सोफ्याच्या नियमात फोमवरच ज्योत लावायचे, म्हणून फोममध्ये रसायन गेलं. गादीत मात्र संपूर्ण गादी तपासतात, त्यामुळे बहुतेक कंपन्या फोमला हात न लावता त्याभोवती आग अडवणारा एक मोजा चढवतात. तुमची चौकशी या मोज्याची हवी.

मोजा कशाचा असतो? पुष्कळ गाद्यांत सिलिका घातलेल्या रेयॉनचा असतो, आणि तो चांगला पर्याय आहे. महागड्या, सेंद्रिय म्हणवणाऱ्या गाद्यांत लोकरीचा असतो. आपल्याकडे घोंगडीवर ठिणगी पडली तरी ती भडकत नाही, तिथल्या तिथे जळून विझते, तोच गुण इथे कामाला येतो. काहींमध्ये मोडाक्रिलिक धागा असतो. तो क्लोरीनवाला असतो आणि बऱ्याचदा त्यात अँटिमनीचं संयुग असतं, म्हणून मी तो टाळते. कापसाच्या थराला कधी बोरिक ॲसिड लावलेलं असतं. आणि स्वस्त ऑनलाइन मेमरी फोमच्या गाद्यांत मोजा काचतंतूचा, म्हणजे फायबरग्लासचा असू शकतो.

फायबरग्लासवर जरा थांबते, कारण नव्याने आलेल्या लोकांची सर्वांत जास्त फजिती इथे होते. अशा गादीच्या वरच्या कव्हरला चेन असते. चेन आहे म्हटल्यावर धुण्यासाठी कव्हर काढायचा मोह होतो. ते काढलं की आतला मोजा उघडा पडतो आणि काचेचे बारीक तंतू खोलीभर उडतात. अंधारात टॉर्च तिरपा धरला तर चादरीवर, कपड्यांवर चमचमणारे कण दिसतात. अंगाला खाज, डोळ्यांची आग, घशात खवखव, आणि एसीच्या नळीतून ते इतर खोल्यांतही पोहोचतात. म्हणून नवी गादी आली की पायाकडच्या शिवणीतली पांढरी पट्टी वाचा. तिच्यावर भरलेल्या मालाची टक्केवारी असते, आणि कव्हरबद्दल वेगळी पट्टी असेल तर तीही बघा. 'ग्लास फायबर' किंवा 'फायबरग्लास' दिसलं, किंवा 'कव्हर काढू नका' असं लिहिलेलं असलं, तर चेनला हात लावू नका. परत करण्याची मुदत असेल तर परत करा. नसेल तर गादीवर सगळ्या बाजूंनी बंद होणारं दुसरं आवरण चढवा. आधीच उडाले असतील तर साधा व्हॅक्यूम चालवू नका, तो कण मागून बाहेर फेकतो. ओल्या फडक्याने टिपा आणि फडकं टाकून द्या. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२७ पासून फायबरग्लासच्या गाद्यांच्या विक्रीला बंदी येते आहे, पण दुसऱ्या राज्यांत त्या राहतील.

पट्टीवर मोज्याचं नाव बहुधा नसतं. म्हणून घेण्याआधी कंपनीला ईमेल करा आणि सरळ विचारा: ज्योतीची चाचणी पार करायला कोणता माल वापरला आहे? फोम, कव्हर किंवा त्या थरात आगरोधक रसायन घातलं आहे का? कुठल्याही थरात फायबरग्लास आहे का? उत्तर लेखी घ्या. चांगली कंपनी एका ओळीत मालाचं नाव सांगते. 'आमची गादी सर्व सरकारी नियमांचं पालन करते' एवढंच उत्तर आलं तर ते उत्तर नव्हे. नियम पाळणं सगळ्यांनाच सक्तीचं आहे.

डॉक्टरची चिठ्ठी घेऊन आगीच्या थराशिवाय गादी बनवून देणारे विक्रेतेही आहेत, नियमात तशी सूट आहे. मला त्याची गरज वाटत नाही. लोकरीच्या थराने तेच काम रसायनाशिवाय होतं आणि आगीपासून संरक्षणही राहतं.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. तिथला १९८८ चा कायदा सोफ्याच्या कापडालाही ज्योतीच्या चाचणीतून जायला लावतो, त्यामुळे तिथे सोफ्याच्या कापडात आणि फोममध्ये आगरोधक रसायनांचा वापर आजही मोठा आहे. तिथे गादीपेक्षा सोफ्याबद्दल जास्त विचारपूस करा. २०२५ च्या ऑक्टोबरपासून बाळांच्या काही वस्तूंना त्या कायद्यातून वगळलं आहे, म्हणून बाळासाठी त्यानंतर बनलेली वस्तू मागा.

चौथी पायरी: धूळ

जुना सोफा लगेच बदलणं परवडत नसेल तर निराश होऊ नका. रसायन तुमच्यापर्यंत येतं ते मुख्यतः धुळीतून, आणि धूळ तुमच्या हातात आहे. न्यूयॉर्कमधल्या महिलांवर केलेल्या एका अभ्यासात नुसतं वारंवार हात धुणं आणि घर नीट झाडून-पुसून घेणं एवढ्याने त्यांच्या हातांवरची आगरोधक रसायनं लक्षणीय कमी झाली.

जेवणाआधी हात धुवा, रांगणाऱ्या बाळाचे तर दिवसातून अनेकदा. फरशी कोरडी झाडू नका, ओल्या पोच्याने पुसा. आपल्याकडची रोज फरशी पुसायची सवय इथे आल्यावर कार्पेटमुळे सुटते, ती जिथे फरशी आहे तिथे तरी टिकवा. कार्पेटवर हेपा फिल्टरचा, म्हणजे अगदी बारीक धूळही अडवणारा, व्हॅक्यूम चालवा. सोफ्याचं कव्हर फाटलं असेल तर आतला फोम उघडा राहू देऊ नका, तो भाग शिवून टाका. आणि सोफ्यावर बसून जेवायची सवय, विशेषतः मुलांना, लावू नका.

पाचवी पायरी: आग

रसायन टाळायचं म्हणून आगीकडे दुर्लक्ष चालणार नाही. स्मोक अलार्म प्रत्येक झोपायच्या खोलीत आणि बाहेरच्या पॅसेजमध्ये असला पाहिजे, महिन्यातून एकदा त्याचं बटण दाबून तपासा. फोडणीच्या धुरामुळे वाजतो म्हणून कित्येक घरांत त्याची बॅटरी काढून ठेवलेली असते. तसं करू नका, स्वयंपाकघराचा पंखा लावा किंवा घरमालकाला अलार्म थोडा लांब हलवायला सांगा. देवघरातला दिवा, उदबत्ती पलंगापासून, पडद्यापासून लांब आणि धातूच्या ताटात ठेवा. अंथरुणात सिगारेट नको.

शेवटी, जुनं कुठे टाकायचं

जुना सोफा किंवा भुगा होणारी गादी काढायचं ठरलं की पहिला विचार मनात येतो तो पुढच्या सेमिस्टरला येणाऱ्या मुलांच्या ग्रुपवर फोटो टाकायचा. तो टाकू नका. ती वस्तू मग आणखी एका घरातल्या धुळीत जाते. गादी असेल तर कॅलिफोर्निया, कनेटिकट, ऱ्होड आयलंड आणि ओरेगॉन या राज्यांत गाद्यांच्या पुनर्वापराची अधिकृत व्यवस्था आहे आणि तिचे पैसे नवी गादी घेताना तुमच्याकडून आधीच घेतलेले असतात. इतर राज्यांत आणि सोफ्यासाठी नगरपालिकेच्या मोठ्या कचऱ्याच्या फेरीची तारीख घ्या. बाहेर ठेवण्याआधी फाटलेला फोम प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून चिकटपट्टी लावा आणि वर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहा की ही वस्तू घेऊ नये. नाहीतर सकाळी गाडी यायच्या आत रात्रीच कुणीतरी नवीन आलेला विद्यार्थी ती उचलून घरी नेतो.